नवसाच्या कोंबड्याची पपई

अजूनही कुठलंही फळ हातात आलं की मी ते आधी चारी बाजूंनी फिरवून बघते. बाजारातल्या फळवाल्याला वाटतं म्हातारी भारी चोखंदळ आहे. सुनेला वाटतं मी किडकं शोधते. परवा नातवाने विचारलं, "आजी, काय बघतेस?" मी म्हटलं, "दात." तो हसायला लागला, आणि मीही हसले, पण खरं तेच होतं. बारा-तेरा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मला ही सवय लागली, आणि ज्या कोंबड्यापायी लागली त्याच्याविषयी मी घरात कधी नीट बोलले नाही.

आमचं घर नागावच्या पलीकडे, समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये. पुढे सुरूची झाडं, मग घर, मागे वाडी. वाडी म्हणजे फार मोठं काही नाही. नारळीची एक पट्टी, पन्नासेक पोफळी, आणि विहिरीच्या ओलाव्यावर जगणारी मिश्र गर्दी: दोन चिकू, जांबाचं एक झाड, फणस, रायवळ आंबा, केळी आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर उगवलेली पपई. विहिरीवर रहाट होता. तो कुरकुरायला लागला की आम्ही जागे व्हायचो आणि थांबला की भूक लागायची. बाबा वर्षाचे आठ महिने गलबतावर असत, मलबारकडून मंगलोरी कौलं मुंबईला आणत. त्यामुळे वाडी, रहाट, कोंबड्या आणि मी, असं सगळं आईच्या ताब्यात होतं. घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. ती बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच हंगामात दर्यात गेला होता, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. तिचे हात कामात असले की आईची नजर तिच्या मोकळ्या मनगटांवर जायची आणि लगेच दुसरीकडे वळायची. हे मला फार लहानपणापासून दिसत होतं.

त्या वर्षी वैशाख संपत आला तरी बाबांचं गलबत परतलं नाही. खाडीत एकेक शीड उतरत होतं, गलबतं चिखलात ओढून त्यांच्यावर झापांची छपरं चढत होती. रोज कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी भाऊ घरी येई आणि त्या घरातून सुकी सुरमई भाजल्याचा वास येई. आमच्याकडे वालाचं बिरडं आणि भात, तोही आई ताटात घेऊन नुसती चिवडत बसे. परतलेल्या खलाशांना तिनं विचारलं, तर कुणी म्हणे कारवारला दिसलं होतं, कुणी म्हणे दिसलं ते दुसरं. आईनं मग एका सकाळी डोक्यावर पदर घेऊन खाडीच्या तोंडावरच्या वेताळाला नवस बोलला. घरधनी सुखरूप आले तर एकरंगी तांबडा कोंबडा देईन. घरी येऊन तिनं खुराड्यातला तुरेवाला कोंबडा वेगळा काढला, त्याच्या पायाला सूत बांधलं आणि मला म्हणाली, "सुमे, हा आता देवाचा. याच्यावर हात उचलायचा न्हाय, याला नाव ठेवायचं न्हाय, आन् याला उष्टं घालायचं न्हाय."

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीने माझा जीव खाल्ला. आमच्या कोंबड्या उष्ट्यावरच जगायच्या. ताटातला भात, कोळंबीची टरफलं, भाकरीचा करपलेला पापुद्रा हे त्यांचं रोजचं पक्वान्न. पण देवाच्या कोंबड्याला माणसाच्या तोंडचं कसं चालेल? तांदूळ निवडून घालावा, तर आत्या म्हणाली की निवडताना एखादा दाणा तोंडात टाकला जातोच, बायकांची खोड हाय ती. शेवटी ठरलं की त्याला वाडीतलं फळ घालायचं. फळ झाडाचं, त्याला कुणाचा हात नाही, कुणाचं तोंड नाही.

तोंड नाही असं आम्हाला वाटलं होतं. दुसऱ्याच सकाळी मी चिकूच्या झाडाखाली गेले तर पडलेल्या प्रत्येक चिकूला दातांचे वण. वटवाघळं. जांबांवर पोपटांच्या चोची, आंब्याला खारीनं कुरतडलेलं, फणसावर तर कोण कोण जेवून गेलं होतं देव जाणे. मी परडी भरून आणली आणि आत्यापुढे ओतली. आत्यानं एकेक फळ उचलून, डोळ्यांजवळ नेऊन निवाडा केला. वटवाघळाचं उष्टं. खारीचं उष्टं. एका जांबाला मुंग्या लागल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "मुंगीचं चालंल काय?" आत्यानं मुंग्या फुंकून उडवल्या आणि ती म्हणाली, "मुंगी चाटते, चावत न्हाय. चालंल." किडक्या आंब्यालाही तिनं माफी दिली, कारण किडा आतच जन्मलेला, तो घरचाच. आज हे सांगताना हसू येतं. त्या वेळी आम्ही तिघीही हसलो नाही. आईचा चेहरा पाहून हसायची छातीच नव्हती. तिच्या मनात एकच गणित बसलं होतं, की एक जरी उष्टा घास त्या कोंबड्याच्या पोटात गेला तर तिकडे दर्यात काहीतरी होईल.

मग मी उजाडायच्या आत वाडीत जायला लागले. फळ पडण्याआधी काढायचं, तेही वटवाघूळ टेकण्याआधी. पाडाला आलेल्या फळाला आई जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची. सगळ्या वाडीत फडकीच फडकी लटकत होती आणि शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काय गो, झाडांना बारसं हाय काय?" मी फळ आणायचे, आई ते फिरवून बघायची, मग आत्या बघायची, मग मी पुन्हा बघायचे, आणि तेव्हा कुठे ते कोंबड्यापुढे जायचं. त्याची स्वारी मजेत. चिकू, जांब, पिकला फणस खाऊन त्याचा तुरा असा काही लालभडक झाला आणि पिसं अशी चमकायला लागली की बाकीच्या कोंबड्या त्याच्यापुढे भिकाऱ्यासारख्या दिसायच्या. त्या बापड्या वटवाघळांचं उष्टं खाऊन सुखात होत्या. मी मात्र फळात दात दिसला की घाबरायचे, स्वप्नातही मला दातांचे वणच दिसायचे.

ज्येष्ठात एका दुपारी बाबा आले. रस्त्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. त्यांच्याबरोबर त्यांच्या गलबताचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, हसनमियां होते. ते मुरुडचे. बाबांच्या अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा होता आणि पायात काही नव्हतं. गलबत मालवणच्या खाली खडकावर फुटलं होतं. दोन खलाशी गेले. हे सगळं हसनमियांनी सांगितलं. बाबा ओट्यावर बसले होते, समुद्राकडे पाठ करून. आईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि तिथेच खाली बसून ती रडली. आत्याही रडली, पण ती आत जाऊन.

बाबा आले, आता आमचा घोर संपला असं मला वाटलं. पण तो संपला नाही, घरातच येऊन बसला. बाबा पूर्वी आल्या आल्या समुद्रात डुंबून यायचे. आता विहिरीवर अंघोळ करायचे, तीही रहाटाच्या आडोशाला. जेवताना वारा वाढला आणि सुरूंची सूं सूं चढली की त्यांचा हात भातात थांबायचा. एकदा वाऱ्याने माजघराचं दार आपटलं तर ते उभे राहून खांबाला धरून होते. आईनं दाराला खुंटी लावली, बाबा खाली बसले आणि म्हणाले, "बिरडं बरं झालंय." त्यांना काय होतंय हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण दर्यावर्दी माणसाच्या घरात दोन गोष्टी बोलत नाहीत. पुरुष म्हणत नाही की मला भीती वाटते. आणि बाई म्हणत नाही की जाऊ नका. निघणाऱ्याला अडवलं तर दर्या त्याचं नाव लक्षात ठेवतो, असं आत्याच मला सांगायची, आणि ती सांगायची म्हणून ते खोटं मानायची सोय नव्हती. नारळी पौर्णिमेला गलबतं पुन्हा निघणार होती. गलबताच्या मालकाने, शेठने, दुसरं गलबत घेतलं होतं, रेवदंड्याच्या खाडीत पाणी शिरू नये म्हणून त्याच्या फटींत कापूस ठोकणं चालू होतं. दिवस पुढे सरकत होते तसे बाबा गप्प होत गेले, आणि आई कामात चुकायला लागली. एकदा तिनं भाताच्या पेजेत दोनदा मीठ घातलं. बाबा निमूट प्याले.

हसनमियां एकदा येऊन विचारून गेले. त्यांना आईनं चहा दिला. ते बाबांच्या दुप्पट पावसाळे पाहिलेले, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. "नारायण, तुझी जागा ठेवलेय," ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. मग हसनमियां आईकडे वळले. "वैनी, मन्नत फेडलीस काय?" आई म्हणाली, "न्हाय, आषाढ लागला की देनार." ते म्हणाले, "आधी ती फेडा. मन्नत अंगावर असलेला मानूस मी गलबतात घेनार न्हाय. माज्या अब्बांनीबी घेतला नसता." आषाढातच फेडायला हवी होती, कारण श्रावणात कोंबडं कापत नाहीत आणि गलबत तर श्रावणातल्या पुनवेला निघणार.

आषाढातल्या पहिल्या बुधवारी आम्ही इरली घेऊन वेताळाला गेलो. आमच्याकडची रीत अशी की गुरव देवापुढे तांदळाचे दाणे मांडतो, कोंबड्याला पाणी शिंपडून त्यांच्यासमोर सोडतो. कोंबड्याने दाणा टिपला म्हणजे देवाने तो घेतला. टिपला नाही तर देवाने घेतला नाही, आणि मग त्याला सुरी लावता येत नाही. सहसा हा प्रश्नच येत नाही. कोंबडा आणि तांदूळ समोरासमोर आले तर काय होणार? पण त्या सकाळी आईनं शेवटचं खाणं म्हणून त्याला हंगामातला शेवटचा फणस घातला होता, एकेक गरा फिरवून बघत. आमचा कोंबडा देवापुढे उभा राहिला, त्यानं दाण्यांकडे एक डोळा करून पाहिलं, आणि तो पंखांतलं पाणी झाडत बसला. गुरवाने दाणे पुढे सरकवले. त्याने त्यांच्यावर पाय दिला. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काय उष्टं तर गेलं न्हाय ना ग?" ती माझ्या कानात म्हणाली. मी शपथेवर नाही म्हटलं.

गुरव शांत माणूस होता. तो म्हणाला, "पोट भरलंय का देवाचा राग हाय, ते मना न्हाय सांगता यायचं. शेवटल्या बुधवारी आना. आदल्या दिवशी पान्याबिगर काय घालू नका." परतताना कोंबडा माझ्या काखेत होता, उबदार आणि जड. आत्या वाटभर कुणाचं तरी नाव घेत पुटपुटत होती. बाबा सगळ्यांत मागे चालत होते. मी एकदा वळून पाहिलं तर कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे खाली आलेले दिसले.

मधले दिवस फार वाईट गेले. आईला वाटे की देवाने बाबांना नुसतं उसनं परत दिलंय. बाबा झाडावर चढले की ती खाली उभी राही, विहिरीत वाकले की तिचा हात त्यांच्या सदऱ्याला. मला एकाच वेळी दोन भीती वाटत. कोंबड्याने दाणा टिपला नाही तर वेताळ बाबांना सोडणार नाही. आणि टिपला तर बाबा गलबतावर जाणार. देवाकडे नक्की काय मागावं हेच कळेना, तेव्हा मी हात जोडून नुसतीच उभी राहायचे.

शेवटल्या बुधवारच्या आदल्या दिवशी आईनं कोंबड्याला मागच्या पडवीत टोपलीखाली झाकलं, वर पाटा ठेवला, शेजारी पाण्याची करवंटी. वाडीत तोवर फळ म्हणून एक पपईच उरली होती, शेंड्याजवळ पिवळी धमक, फडक्यात बांधलेली. बुधवारी उजाडत होतं तेव्हा मी नेहमीच्या सवयीनं उठले आणि मागच्या दाराशी गेले. बाबा पडवीत उकिडवे बसले होते. पाटा बाजूला होता. त्यांच्या हातात ती पपई होती. ती चिरण्याआधी त्यांनी उजेडाकडे धरून सावकाश फिरवली, चारी बाजूंनी, आम्ही बघायचो तशीच. मग विळीवर चिरून अंगठ्याने बिया काढल्या आणि एकेक फोड टोपली उचलून आत सरकवायला लागले. आतून चोचीचा टकटक आवाज येत होता. एक फोड खाली पडली आणि त्यांनी ती उचलून पुसून पुन्हा आत दिली.

त्यांनी मान वर केली तेव्हा मी दिसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वादळातून आलेला माणूस, आणि मुलीला घाबरला होता. ते म्हणाले, "सुमे, चुलीवर पानी तापलं काय बघ." मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. चूल पेटलेलीच नव्हती.

वेताळापुढे पुन्हा दाणे मांडले. या वेळी हसनमियांही आले होते, देवळाबाहेर चपला काढून एका बाजूला उभे. कोंबड्याने दाण्यांकडे पाहिलं, आणि तो डोळे मिटून उभा राहिला. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा दाणे सारले. काही नाही. आई मटकन खाली बसली. मी कोंबड्याला उचलायला वाकले तेव्हा मला दिसलं की त्याच्या मानेच्या तांबड्या पिसांत पपईची एक काळी बी चिकटली आहे, चांगली टपोरी. मी कोंबडा उचलून छातीशी धरला. तेवढ्यात हसनमियां पुढे आले. त्यांनी कोंबडा माझ्या हातून घेतला, मानेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि बी त्यांच्या मुठीत गेली. बाबांकडे न बघता ते म्हणाले, "देव घेत न्हाय. नारायण, तू यंदा ऱ्हा. वाडीला पानी लाव." बाबा म्हणाले, "व्हय." एवढंच. पण त्या एका शब्दात त्यांचा आवाज फुटला, आणि मला तिथेच रडू आलं. सगळ्यांना वाटलं पोर देवाला भ्याली.

पुनवेला नारळ पडला, गलबत गेलं. बाबा रहाट हाकायला लागले. गावातली टवाळ पोरं त्यांना कोंबडेवाला म्हणायची, ते त्यांच्याशी हसून बोलायचे. ते गलबत त्या वर्षी सुखरूप परत आलं, हेही सांगायला हवं. बाबा खाडीवर त्याचा दोर धरायला गेले होते. हसनमियांनी उतरल्या उतरल्या त्यांच्या हातात खजुराची पुडी ठेवली आणि म्हणाले, "ही तुज्या कोंबड्याला." पुढे दरवर्षी ती पुडी येत राहिली.

नवस मात्र फिटला नव्हता, आणि आई तो विसरणारी नव्हती. पुढच्या वर्षी आषाढ जवळ आला तशी ती पुन्हा गप्प झाली. एका संध्याकाळी मी वाडीत गेले तर ती शिडी लावून पपईच्या झाडाला टेकली होती. शेंड्याजवळच्या एका फळाला ती बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं बांधत होती, गाठ दोनदा ओढून. त्या वर्षी झाडावर पपया पुष्कळ होत्या, आणि बाकी सगळ्या तिनं वटवाघळांना उघड्या सोडल्या होत्या. "आये, ही एकच कशाला?" मी विचारलं. ती शिडीवरून उतरली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "असू दे. लागंल."

गुरवाने सांगितलेला बुधवार आला, कोंबडा पुन्हा टोपलीखाली गेला, आणि देवापुढे त्याने पुन्हा दाण्याला तोंड लावलं नाही. आईनं खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी बघू." आम्ही घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात दोरीवर बनियनचं ते फडकं वाळत होतं. आमच्या घरात बाबांनी जन्मात कधी कपडा धुतला नव्हता, धुणं आईच करायची.